दरवाजा कुठाय?

सकाळपासून डोकं फिरलंय. भाच्याला घेऊन रिक्षाने नाशिकच्या त्र्यंबक दरवाज्यावरून चाललो होतो. पोरगं नऊ वर्षांचं, विचारतं, "मामा, दरवाजा कुठाय?" मी तोंड उघडायच्या आत रिक्षावाले भाऊ बोलले, "दरवाजा कधी नव्हताच रे, नुसतं नाव आहे."

नुसतं नाव!

आमची आजी भद्रकालीतून सीबीएसला त्र्यंबकची बस धरायला निघाली की नेमकी इथे आल्यावर पदर डोक्यावरून घ्यायची. आजूबाजूला सायकली, हातगाड्या, पोराटोरांचा गोंधळ. ना कमान ना दगड. दहा-पंधरा पावलं गेली की पदर परत खांद्यावर.

दिल्ली दरवाजा, भगूर दरवाजा, त्र्यंबक दरवाजा. नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे त्या मुघली काळाच्या खुणा आपण पत्त्यात लिहितो, कुरिअरवाल्याला फोनवर ओरडून सांगतो. दरवाजे गेले कुठे, याची कुणाला पडलीय? उरली ती काझीची गढी, गोदाकाठचं जुनं मातीचं टेकाड. तिचीही कड दर पावसाळ्यात ढासळते. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी तिथे खोदकाम करून सातवाहनांच्याही आधीची वस्ती उजेडात आणली. आपल्याला मात्र गढी आठवते ती जून-जुलैत, घरं रिकामी करायच्या नोटिसा निघाल्या की. हो, कडेला राहणाऱ्यांचा जीव आधी, मान्य. पण त्यांना धड घरही द्यायचं नाही आणि गढीला धड भिंतही बांधायची नाही, हे कुठलं शहाणपण? आता सिंहस्थाच्या नावाखाली एखादी फायबरची कमान ठोकतील, वर हात जोडलेले फोटो. बघाच तुम्ही.

असो. रिक्षावाल्या भाऊंवर उगाच चिडलो. त्यांना तरी कोण सांगणार? इथे काय होतं ते सांगणारी पाटी मला तरी आजवर दिसलेली नाही. आणि खरं सांगायचं तर मीही दरवाजा कुठे पाहिलाय? मी पाहिला तो आजीचा पदर.

एकदा विचारलं होतं तिला, इथे काहीच नाही, मग पदर कशाला घेतेस? पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "सासूबाई घ्यायच्या." आणि बस चुकेल म्हणून मला पुढे ढकललं.

भाच्याला हे सगळं रिक्षात सांगायला हवं होतं. तोवर शालिमार आलं.