इंजिन गेलं, पुढे काय?

‘परदेशात बघा, दहा-पंधरा वर्षांची गाडी रस्त्यावर दिसत नाही. इंजिन गेलं की सरळ भंगारात. आपले लोक मात्र कवटाळून बसतात.’ जुलै २०२५ मध्ये दिल्लीत जुन्या गाड्यांना पेट्रोल-डिझेल न देण्याचा नियम आला, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हे वाक्य आलटून पालटून वेगवेगळ्या काकांच्या नावाने येतंय. तो नियम काही दिवसांतच गुंडाळला गेला. काका काही थांबले नाहीत. त्यांचा ‘परदेश’ म्हणजे बहुधा मी राहतो तोच देश, तरी मला कुणी विचारत नाही. म्हणून न विचारता सांगतो.

स्टुटगार्टमध्ये आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या निम्म्या तरी गाड्या दहा वर्षांपुढच्या असतील. सबंध जर्मनीतल्या मोटारींचं सरासरी वयच दहाच्या वर गेलंय. तीस वर्षांची गाडी मूळ रूपात आणि धडधाकट असेल, तर तिच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ लागतो आणि कर ठोक होतो. इथे गाडीला वय विचारत नाहीत. ट्यूफ, म्हणजे ठरावीक मुदतीने होणारी सक्तीची तपासणी, कधीपर्यंत आहे आणि धूर कोणत्या नॉर्मचा (युरो-४, युरो-५ असे इथले प्रदूषणाचे नॉर्म), एवढं विचारतात. स्टुटगार्टने १ जानेवारी २०१९ पासून युरो-४ आणि त्याखालच्या डिझेल गाड्यांना शहरात मज्जाव केला. त्याच वयाची पेट्रोल गाडी शेजारून ऐटीत जाते. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या जुन्या गाड्यांना वयावरून होणाऱ्या कारवाईपासून दिलेलं संरक्षण बीएस-४ (आपल्याकडचा तसाच नॉर्म) आणि त्यापुढच्यांपुरतं ठेवलं. म्हणजे गाडी थोडीफार नॉर्मच्या रुळावर आली. ग्रुपवर मात्र अजून वाढदिवसच मोजताहेत.

एका आतेभावाने मला २००९ची आठवण करून दिली. नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला जर्मन सरकारने तेव्हा २५०० युरो दिले होते. बरोबर आहे, दिले होते. त्या योजनेचं सरकारी नाव पर्यावरणाचं होतं, पण साल मंदीचं होतं आणि चिंता कारखान्यांची होती. पाच अब्ज युरो सप्टेंबरपर्यंत संपलेही. आपल्या स्क्रॅपेज धोरणात जुनी गाडी अधिकृत केंद्रात दिली की नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. त्यात हवेचा वाटा किती आणि शोरूमचा किती, हे आतेभावाने स्वतः ठरवावं.

आता माझ्या गाडीचं. २०११ची पेट्रोल, गेल्या हिवाळ्यात आउटोबानवर बंद पडली. टायमिंग बेल्ट तुटला. त्या जातीच्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. वेर्कश्टाटमधल्या, म्हणजे गॅरेजमधल्या माणसाने अर्धं बॉनेट उघडून ‘आर्थिक टोटालशाडेन’ असं जाहीर केलं, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडची. पुण्याहून लगेच सल्ला आला: हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरव, व्हॉल्व्ह बदल, दीड दिवसाचं काम आहे. सल्ला अगदी योग्य होता. पण इथे मेकॅनिकचा एक तास शंभर युरोंच्या पुढे जातो, आणि दीड दिवसात तास बरेच असतात. दुरुस्तीचा आकडा चालत्या गाडीच्या किमतीहून मोठा निघाला.

तरी मी त्या आकड्यावर निर्णय घेतला नाही. बहुतेक लोक दुरुस्तीचं बिल आणि गाडीची बाजारातली किंमत समोरासमोर ठेवतात, ते मला पटत नाही. विकायचीच नसेल तर बाजारभावाशी काय देणंघेणं? तेवढ्याच पैशांत येणारी दुसरी जुनी गाडी कुणाच्या हातची असेल, तिचं ऑइल कधी बदललं असेल, ते कुणाला माहीत? आपल्या गाडीचं निदान दुखणं तरी माहीत असतं. तेव्हा प्रश्न असा की इंजिन सोडून बाकीची गाडी आणखी चार वर्षं टिकणार आहे का. क्लच, सस्पेन्शन, आणि इथे सगळ्यात आधी गंज. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. माझ्या गाडीचा दाराखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत जात होता, आणि उन्हाळ्यात ट्यूफ होतं. नवं इंजिन त्या पत्र्यात बसवणं म्हणजे पैसे मिठात घालणं.

मग भंगारात? नाही. पार्किंगमध्ये काचेत खोचून जातात त्या कार्डांपैकी एकावर फोन केला. माणूस आला, किल्ली फिरवायलाही न सांगता रोख मोजले आणि गाडी ट्रेलरवर चढवली. अँटवर्पहून बोटीने पश्चिम आफ्रिकेत जाईल म्हणाला. तिथे कुणीतरी हेड उतरवेल, व्हॉल्व्ह बदलेल, दीड दिवसात. काकांना इथल्या रस्त्यावर न दिसणाऱ्या गाड्यांपैकी कित्येक अशा दुसऱ्यांच्या रस्त्यावर धूर सोडत असतात. या देशाच्या स्वच्छतेबद्दल मला अभिमान वाटतो खरा, पण ट्रेलर गेला तेव्हा तो जरा आखडला.

एवढं सगळं ग्रुपवर सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण पुण्यात बाबांची गाडी आहे. २००८ची. पंधरा वर्षं झाल्यावर धाकट्या भावाने पाच हजार फी भरून आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. आता हेड गॅस्केट गेलंय, ऑइलमध्ये पाणी आलंय, डिपस्टिकवर दुधाळ फेस. भाऊ म्हणतो, काढून टाकू. पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, या गाडीचे रबरी पाइप कधीचे, किती दिवस जपायचं? मी इथून भाषण दिलं. पत्रा ठणठणीत आहे, मिस्त्री हेडला फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून देईल, पंचवीस-तीस हजारांत काम होईल. फक्त फेसाळ ऑइलवर फार चालवली नाहीस ना, नाहीतर बेअरिंगं गेली असतील. शिवाय आमच्याकडे पंपावर ई-१०च्या शेजारी ई-५ मिळतं, सरकारने जुन्या गाड्यांचा विचार असा करायला हवा, वगैरे.

‘आमच्याकडे’ हे मीच लिहिलं होतं. पाठवल्यावर दिसलं.

भावाने पेट्रोलवर वाद घातला नाही. ‘विमा मी भरतो, सोसायटीत पार्किंगवरून मी ऐकून घेतो. तू ये आणि चालव,’ एवढंच लिहिलं. मला राग आला, कारण हिशोब माझा बरोबर होता आणि अजूनही आहे. पण हिशोब चुकीचा असता तरी मी हेच म्हटलं असतं. डिसेंबरमध्ये उतरलो की ती गाडी खाली उभी हवी असते, गिअरची मूठ गुळगुळीत झालेली, बाबांनी सीट पुढे ओढून ठेवलेली. ऑफिसच्या कँटीनमध्ये मी जर्मन सहकाऱ्यांना सांगतो, आमच्याकडे काहीही दुरुस्त होतं. ते कौतुकाने ऐकतात. तेही ‘आमच्याकडे’च. ग्रुपवर मी ट्यूफची बाजू घेतो, इथे मिस्त्रीची. दोन्हीकडे मला कुणी वकीलपत्र दिलेलं नाही, आणि मिस्त्रीच्या दारात गाडी घेऊन उभं राहण्याची पाळी माझ्यावर वर्षानुवर्षं आलेली नाही.

काल रात्री भावाचा मेसेज आला. ‘हेड उतरवलं. वाकलंय, पण फेस मारता येईल म्हणतो. बेअरिंगं ठीक. अठ्ठावीस सांगितलेत. निम्मे पाठव, आणि पुढच्या वर्षीचा विमा तुझा.’

पाठवले.