छपराचा मालक कोण? (‘आगंतुक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

आगंतुक,

राव म्हणावं की ताई, हे चार वर्षांत कळलेलं नाही, म्हणून नुसतंच आगंतुक म्हणतो. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा डोकं तापलं. दुसऱ्यांदा लक्षात आलं की तीन मुद्द्यांपैकी एक अगदी वर्मी लागलाय, आणि डोकं तापलं ते त्यामुळेच.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी दहा आठवडे एका आभासी जगात वर्ग घेतला; विषय दोन, माणसाची ओळख आणि एकत्र काम. १४ जण, सगळी मोठी माणसं. सेकंड लाइफ हे आभासी जग २००३ साली सुरू झालं, त्याच धर्तीवर २००७ मध्ये ओपनसिम्युलेटर हे मुक्त सॉफ्टवेअर आलं; आमचं जग त्यावर उभं होतं. जागा २५६ मीटर लांब, तेवढीच रुंद. प्रत्येकाने एक अवतार, म्हणजे पडद्यावरचं आपलं रूप, घ्यायचा, खरं नाव सांगायचं नाही, आवाज बंद, बोलणं फक्त टाइप करून. आणि सगळ्यांनी मिळून एक वाचनालय बांधायचं. यावर तुम्ही म्हणता: एक, मुखवटा चढवला की माणूस खोटंच बोलणार, त्यात ओळखीचा अभ्यास कसला; दोन, एकत्र काम शिकवायचं तर व्हिडिओ कॉल आणि सगळ्यांना लिहिता येईल असा एक दस्तऐवज पुरे, बाहुल्या कशाला नाचवायच्या; तीन, लेखात सगळं गुळगुळीत आहे, कुणी दुखावलं गेलं नाही यावर विश्वास बसत नाही.

मुखवट्यापासून सुरुवात करू. नाव लपवणं सोपं असतं. चेहरा लपवणं तर त्याहून सोपं. पण मराठीत टाइप करताना आपण कोण आहोत हे लपवणं किती अवघड आहे, याचा मी वर्ग सुरू होईपर्यंत विचारच केला नव्हता. इंग्रजीत गप्पा मारणारा माणूस वर्षभर ‘आय’ म्हणत बसला तरी पत्ता लागत नाही. आपल्याकडे ‘येतो’ म्हटलं की झाला पुरुष आणि ‘येते’ म्हटलं की झाली बाई. पहिल्याच संध्याकाळी तीन जणांची अशी विकेट गेली. चौथ्याने शक्कल लढवली आणि ‘आम्ही आलो’ म्हणू लागला. त्याला वर्गाने ताबडतोब ‘महाराज’ करून टाकलं.

एक अवतार होता निळ्या कातडीचा. त्याला सगळे ‘निळी’ म्हणायचे, म्हणून मीही स्त्रीलिंगीच लिहितो. पडद्यामागे कोण होतं ते मला आजही ठाऊक नाही. निळी आठवडाभर फक्त भविष्यकाळात बोलत होती. ‘जाईन.’ ‘बघेन.’ ‘करीन.’ भविष्यकाळात प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं, हे शाळेत तक्ता पाठ करूनही माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. शेवटी कुणीतरी वैतागून लिहिलं, ‘ही सगळं करीन म्हणते, करते कधी?’ त्यावर निळीचे हात हवेत टाइप करायला लागले (या जगात कुणी टाइप करत असलं की त्याचा अवतार अदृश्य कळफलकावर बोटं चालवतो), बराच वेळ चालले, आणि एक ओळ आली: ‘मी काल रात्री उत्तरेची भिंत बांधली.’

आम्ही जाऊन पाहिलं. भिंत होती, आणि ओळंब्यात होती.

मग वाक्याकडे पुन्हा पाहिलं. ‘मी भिंत बांधली.’ क्रियापद भिंतीच्या मागे गेलंय. बांधणारा बाप्या की बाई, याची त्याला फिकीर नाही. ‘मी आलो’, ‘मी बसले’ यात भाषा तुम्हाला पकडते. ‘मी खांब उभा केला’, ‘मी दार बसवलं’ यात सोडून देते. वर्गाला ही गोष्ट कळल्यावर पुढचे काही दिवस लोक येण्याजाण्याबद्दल बोलेनासे झाले आणि केलेल्या कामाबद्दलच बोलू लागले. हा काही मी आखलेला पाठ नव्हता. पण ओळखीचा अभ्यास कसला, असं विचारलंत म्हणून सांगतो: हा.

आता खोटेपणा. एकाने कोल्ह्याचा अवतार घेतला होता आणि पहिले दोन आठवडे नुसता धुडगूस घातला. लोकांच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं, दुसऱ्याच्या भिंतीला चिकटून आपला भडक रंगाचा ठोकळा उभा करायचा. तुमचं भाकीत इथवर तंतोतंत खरं. तिसऱ्या आठवड्यात जिन्याचं काम निघालं तेव्हा त्याला कुणी गटात घेईना. खरं तर सुटका अगदी सोपी होती: नवं खातं, नवं नाव, नवा अवतार, पाच मिनिटांचा खेळ. मी स्वतः ते सुचवलं. त्याने उत्तर दिलं, ‘कोल्ह्याचं नाव मी घालवलंय. दुसऱ्या नावाने आलो तर ते तसंच राहील.’ आणि एकट्याने जिना केला. प्लायवूडच्या पोताचा, अर्ध्या मीटरचा जो ठोकळा या जगात आपोआप मिळतो, तो चपटा करून पहिली पायरी, मग शिफ्ट दाबून ओढत ओढत तिच्या प्रती. एकूण २२ पायऱ्या. सातवी जरा तिरकी होती, ती शेवटपर्यंत तिरकीच राहिली.

ज्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, त्या माणसाला खोट्या नावाच्या अब्रूची एवढी काळजी का असावी? माझं उत्तर असं की ते नाव खोटं राहिलं नव्हतं. इतरांनी ते लक्षात ठेवलं होतं. राम गणेश गडकरी कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून लिहायचे, विनोद ‘बाळकराम’ म्हणून आणि नाटकं स्वतःच्या नावाने. यातला खोटा कोण, असं आपण विचारत नाही. आणि जाता जाता, तुम्हीही आगंतुक आहात. चार वर्षांत तुम्ही मला निदान सहा वेळा झापलंय, दोनदा बरोबर होतात, एकदा माफीही मागितलीत. एवढ्या भांडवलावर मी तुमच्या सातव्या टीकेला अख्खं उत्तर लिहायला बसलोय. तुमचं आधारकार्ड पाहून नव्हे.

दुसरा मुद्दा एकत्र कामाचा. मी पूर्वी तुम्ही म्हणता तसेच वर्ग घेतलेत, सामायिक दस्तऐवजावर. तिथे एक गोष्ट आधीच ठरलेली असते: कागद सगळ्यांचा. कुणाचंही वाक्य कुणीही खोडावं. म्हणून तिथे ‘हे माझं आहे, पण तू हात लाव’ असं कुणाला म्हणावंच लागत नाही. आभासी जगात उलटं असतं. तुम्ही ठोकळा निर्माण केलात की तो तुमचा. दुसऱ्याला तो दिसतो, त्यावर उभं राहता येतं, पण बोटभर हलवता येत नाही. हलवू द्यायचा असेल तर संपादनाच्या खिडकीत जाऊन, वस्तूला गट नेमून, गटाला परवानगी द्यायची एक बारीकशी चौकट असते तिच्यावर खूण करायची. विश्वास ठेवायचा की नाही, हे इथे दर वस्तूला हाताने ठरवावं लागतं. आमच्या वाचनालयात चौथ्या आठवड्यापर्यंत तीनशेच्या वर वस्तू झाल्या होत्या. किती वस्तूंवर ती खूण होती, याचा कुणी हिशेब ठेवला नव्हता.

हिशेब छपराने मागितला. छप्पर निळीने केलं होतं, आठ तुकड्यांचं, कौलारू पोताचं, सगळ्या बांधकामातलं सर्वांत देखणं काम. पुढे ठरलं की आत पुस्तकांचे उंच कप्पे बसवायचे तर भिंती मीटरभर वाढवायला हव्यात. भिंती ज्यांच्या त्यांनी वाढवल्या. छपराला हात लावायला गेले तर निवडल्यावर जे तीन रंगांचे बाण दिसतात, लाल, हिरवे, निळे, ते दिसेचनात. छपरावर खूण नव्हती. आणि निळी वर्गात येत नव्हती. त्यामुळे भिंती छपरातून वर निघालेल्या आणि छप्पर खाली माळ्यासारखं लोंबतंय, अशा वास्तूत आम्ही दीड आठवडा काढला. मग वर्गातल्यांनी वरती दुसरं छप्पर घातलं. ओबडधोबड झालं, पण त्याच्या प्रत्येक तुकड्यावर परवानगीची खूण होती. कोल्हा स्वतः तपासत फिरत होता.

हे व्हिडिओ कॉलवर शिकता आलं असतं? आलं असतं तर मला सांगा कसं, मी पुढच्या वेळी तसं करीन. मान्य एवढंच की पहिले दोन आठवडे निव्वळ चालायला आणि ठोकळे ओढायला शिकण्यात गेले, आणि ते जरा जास्तच झालं. शिवाय गप्पांत जो भरभर टाइप करतो तोच पुढारी होतो, हेही मला उशिरा दिसलं. देवनागरीत सावकाश लिहिणाऱ्यांची वाक्यं पोहोचेपर्यंत रोमन लिपीत मराठी बडवणाऱ्यांनी निर्णय घेऊन टाकलेला असायचा.

आता तिसरा मुद्दा. निळी येत का नव्हती, हे मी मूळ लेखात लिहिलं नाही. तुम्हाला वास लागला, मानलं.

कारण मी होतो. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला: लोकांना आभासी खोलीत उंच किंवा बुटके अवतार दिले आणि पैशांच्या वाटणीवर घासाघीस करायला लावली. उंच अवतारवाले स्वतःकडे जास्त ओढायचे, बुटक्यांनी अन्याय्य वाटणीही निमूट मान्य केली. रूप बदललं की वागणं बदलतं. या परिणामाला त्यांनी प्रोटियस या रूपं पालटणाऱ्या ग्रीक देवाचं नाव दिलं. मला हे वर्गात दाखवायचं होतं. म्हणून पाचव्या आठवड्यात मी फर्मान काढलं: सगळ्यांनी अवतार बदला, आत्ताच्या अगदी उलटं रूप घ्या, आठवडाभर तेच ठेवा. बहुतेकांनी धमाल केली. ‘काय हा अवतार!’ या वाक्याचा जुना अर्थ आणि नवा अर्थ त्या दिवशी एकत्र नांदले.

निळीने विचारलं, ‘नको असेल तर?’ मी लिहिलं, ‘सगळ्यांसाठी सारखं आहे.’ तिचे हात पुन्हा हवेत चालू लागले. बराच वेळ. मग थांबले. काहीच आलं नाही. काही वेळाने अवताराची मान खाली झुकली. माणूस कळफलकापासून दूर गेला की ती तशी झुकते. नंतर अवतारही नाहीसा झाला.

प्रयोगशाळेतल्या लोकांना काही मिनिटांपुरता परका अवतार दिलेला होता. निळीने तिचा महिनाभर खपून घडवला होता. हा फरक मला तेव्हा दिसायला हवा होता. ज्या वर्गात मी ‘अवतार म्हणजे नुसता मुखवटा नव्हे’ असं शिकवत होतो, त्याच वर्गात मी तो कपड्यासारखा बदलायला सांगितला. मी नंतर निरोप पाठवला, माफी मागितली. उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. आता कुठल्याही वर्गात रूपाशी संबंधित काही करायचं असेल तर मी त्यासाठी वेगळा, वापरून टाकून द्यायचा अवतार देतो.

यावर तुम्ही विचाराल, तेव्हा छप्पर तुम्हीच का नाही हलवलंत? व्यवस्थापकाला सगळं हलवता येतं, त्या अधिकाराला या मंडळींत ‘गॉड मोड’ म्हणतात. हलवता आलं असतं. लॅम्डामू नावाचं एक अक्षरांनीच बनलेलं जग होतं, १९९० पासूनचं. तिथल्या व्यवस्थापकांनी जाहीर केलं की यापुढे आम्ही रहिवाशांच्या भांडणात पडणार नाही. आणि १९९३ साली तिथे एका पात्राने दुसऱ्यांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केला. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्यावर लिहिलेला लेख गाजला. रहिवाशांना न्याय कसा करायचा हे सुचेना; अखेर एका व्यवस्थापकाने आपल्या अधिकारात ते पात्र पुसून टाकलं. त्यानंतर तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. त्या गोष्टीशी आमच्या छपराची तुलना करणं बरं दिसणार नाही, गुन्हाही नव्हता आणि गुन्हेगार झालाच तर मी होतो. पण नेमकं म्हणूनच मला हात लावता येईना. आधी तिचं रूप काढून घेतलं, आता छप्परही उचलू?

तुम्ही शेवटी विचारलंय की ते दोन छपरांचं वाचनालय अजून उभं आहे का. सर्व्हर बंद झाला, पण बंद करण्याआधी मी सगळ्या जागेची एका फाइलमध्ये साठवण करून ठेवली होती. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर परवा माझ्याच संगणकावर नवा सर्व्हर चालू करून ती उघडली. भिंती, २२ पायऱ्या, तिरकी सातवी, सगळं जिथल्या तिथे आलं. खालच्या छपरावर उजवी टिचकी मारून संपादन निवडलं तर तीन रंगांचे बाण उमटले. नव्या सर्व्हरवर त्या १४ जणांची खाती नाहीत, त्यामुळे प्रत्येक वस्तू जागेच्या मालकाच्या नावावर चढली होती. मालक म्हणून माझं नाव होतं, निळीच्या छपरावरसुद्धा.

मी ते हलवलेलं नाही.