उकळलं की झालं? नाही, मावशी

परवा रात्री मावशीनं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज पुढे ढकलला. खाली तिचं वाक्य : "बघ गं, आपण उगाच घाबरत होतो." मावशी भिगवणजवळ राहते, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी. पुणे, पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण इथलं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी भीमेत नेऊन घालतात आणि भीमा मावशीच्या दाराशी येऊन थांबते. तिच्या घरात चार महिन्यांची नात आहे, वरच्या दुधावर. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. त्यामुळे तो मेसेज वाचून गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : कारखान्याचं सांडपाणी सरकारी मर्यादेत असलं की ते सुरक्षितच. वाहतं पाणी निर्मळ, नदी स्वतःला शुद्ध करते. उरलंसुरलं रसायन दहा मिनिटं उकळलं की निघून जातं, आणि पातेल्याच्या बुडाशी बसणारा पांढरा थर हा त्याचा पुरावा. नदी घाण करतात ती घरं, कारखाने नव्हेत. मर्यादा आणखी कडक केल्या तर कारखाने गाशा गुंडाळतील.

आधी उकळण्याचं बघू, कारण नुकसान तिथं आहे.

उकळल्यानं जंतू मरतात. कॉलरा, टायफॉइड, काविळीचे विषाणू यांच्यासाठी उकळणं उत्तमच, आणि ते सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण निकेल, क्रोमियम, शिसं, नायट्रेट यांना उकळीनं काही होत नाही. वाफ होऊन जातं ते पाणी, हे मागे राहतात. दोन लिटर पाणी आटवून एक लिटर केलं तर त्यातलं नायट्रेट दुप्पट दाट होतं. आणि तो पांढरा थर? तो बहुतांशी चुनखडीचा. पाण्याला तात्पुरता जडपणा देणारे क्षार उकळल्यावर खाली बसतात, बोअरच्या पाण्याचा हीटर उघडला की दिसतो तोच. त्यावरून विष निघालं असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप आहे.

नायट्रेट मोठ्यांना सहसा जाणवतही नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र त्याचं नायट्राइट होतं, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळाचे ओठ, नखं निळसर पडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. आता विचार करा, "चांगलं आटवून" घेतलेल्या पाण्यात डब्याचं दूध कालवून रोज बाळाला पाजलं तर काय होईल. हा मेसेज तेच करायला सांगतो. तो लिहिणाऱ्याचा मला राग आहे, तो यासाठी.

आता "मर्यादेत म्हणजे सुरक्षित". नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 च्या सहाव्या अनुसूचीत दिली आहे. निकेल : लिटरमागे 3 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात निकेल चालतं 0.02. दीडशेपट फरक. एकूण क्रोमियम सांडपाण्यात 2, पिण्यात 0.05. म्हणजे चाळीसपट. सांडपाण्याची मर्यादा पिण्यासाठी आखलेलीच नाही. खालचं पाणी पिण्याजोगं राहायचं तर मधला फरक नदीनं पातळ करून भरून काढायला हवा.

हिशोब सोपा आहे. एखादा कारखाना रोज दहा लाख लिटर पाणी मर्यादेतलं, 3 मिलिग्रॅम निकेलचं, सोडतो असं धरा. रोज तीन किलो निकेल झालं. ते 0.02 वर आणायला रोज 15 कोटी लिटर पाणी लागेल, आणि त्यात वरून आलेलं निकेल शून्य हवं. हे झालं एका कारखान्याचं. आणि एप्रिल-मे महिन्यांत खडकवासल्याच्या खाली मुठेत धरणाचं किती पाणी असतं ते पुणेकराला सांगायला नको. भिडे पुलावर उभं राहिलं की नाकाला कळतं.

यावर उपाय त्याच अनुसूचीच्या परिशिष्टात लिहिलेला आहे. परवानगी देताना राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाणी ज्यात जाणार त्या नदीची सामावून घेण्याची क्षमता लक्षात घ्यावी, म्हणजे त्या पाण्याच्या ठरलेल्या वापराला बाधा येणार नाही. बाधा येण्याची शक्यता असेल तर पाणी सोडूच देऊ नये. कारणं लेखी नोंदवून ठरावीक जागेसाठी याहून कडक मर्यादा घालण्याचा अधिकारही मंडळाला आहे. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. मग मर्यादा ठरवताना मोजमाप उन्हाळ्यातल्या नदीचंच धरलं पाहिजे, पावसाळ्यातल्या नव्हे.

"वाहतं पाणी निर्मळ" हे जैविक घाणीपुरतं थोडंफार खरं, तेही पाण्यात प्राणवायू असेल तर. धातू कुजत नाहीत, गाळात बसतात. आणि उजनीत पाणी वाहत नाही, साठतं.

घरांचं म्हणाल तर, मान्य. पुण्याच्या नद्यांत येणाऱ्या घाणीत मोठा वाटा घरगुती मैलापाण्याचाच आहे, आणि बाळाला बाधणारं नायट्रेटही बरंचसं मैला आणि शेतातल्या खतांतून येतं. इथं मेसेजवाला चुकीचं बोलत नाही. पण घरातून निकेल-क्रोमियम फारसं येत नाही, ते प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या, शॉपमधून येतं. असं पाणी गटारात सोडलं तर मैलाशुद्धीकरण केंद्रातले काम करणारे जिवाणूच मरतात. म्हणजे घरांची घाणही धड शुद्ध होत नाही.

कारखाने जातील, ही भीती प्रत्येक नियमाच्या वेळी घातली जाते. प्लेटिंगच्या धुवणाच्या पाण्यातून निकेल परत मिळवता येतं, आणि निकेल महाग आहे. एवढं पुरे.

मावशी, तुझ्यासाठी : तुझ्या पाण्याची तपासणी होईतोवर बाळाच्या दुधाला आरओचं पाणी आण. आरओनं नायट्रेट आणि धातू बरेच कमी होतात. त्याला एक उकळी आली की गॅस बंद कर, आटवू नकोस. रविवारी दादा येतोय, त्याच्याकडे पाण्याच्या नमुन्यासाठी दोन बाटल्या देते. लाल झाकणाच्या बाटलीत तळाशी थोडं ॲसिड आहे, ते सांडू नकोस, धातू तपासायला लागतं. दुसरी नायट्रेटची, ती भरून बर्फात ठेव आणि त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर परत पाठव.