पार्ट-टाइमच्या भरवशावर मुलांना जर्मनीला धाडणाऱ्यांसाठी

आज एका परिचितांनी आनंदाने सांगितले की त्यांची मुलगी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला मास्टर्ससाठी निघाली आहे. पहिल्या वर्षाचे कर्ज काढले आहे आणि पुढचा खर्च ती पार्ट-टाइम काम करून भागवेल, असे कन्सल्टन्सीवाल्यांनी त्यांना सांगितले आहे (लेखी मात्र नाही). वर त्यांनी मला 'कमवा आणि शिका'चा दाखला दिला, तेव्हापासून माझे डोके फिरले आहे.

कर्मवीरांकडे शिकवणाऱ्या संस्थेनेच काम दिलेले असे. मुलाचे वर्ग बुडू नयेत, ही काळजी तिथे कोणाला तरी होती. जर्मनीतल्या पार्सल केंद्राला ती काळजी का असावी? मी तिथे शिकत असताना आमच्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहात, सांगलीकडचा एक मुलगा होता. तो रात्रपाळीत पार्सले लावून पहाटेच्या ट्रामने परत यायचा आणि आठच्या लेक्चरला डोळे उघडे ठेवण्यासाठी मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा.

हिशेब कोणी करतच नाही. २०२५ मध्ये व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागत होते, आणि त्याच वर्षी मिनिजॉबची, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीची, कमाईची मर्यादा महिन्याला ५५६ युरो होती. उरलेले पैसे कुठून आणायचे? वर्कस्टुडंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता कंपनीत नोकरी करून, आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, हे मान्य. पण चांगल्या कंपन्या बहुधा जर्मन विचारतात, आणि आपली मुले ए-वनचे, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीचे, प्रमाणपत्र घेऊन विमानातून उतरतात.

त्या मुलाचे वडील फोनवर आधी पगार झाला का ते विचारायचे. तो एका विषयात दोनदा नापास झाला होता आणि तिसऱ्यांदा नापास झाला असता तर त्याला तो अभ्यासक्रमच सोडावा लागला असता, हे त्यांना कधीच कळले नाही, कारण त्याने ते सांगितलेच नाही. एका स्वयंपाकघरात रोज भेटणाऱ्या आम्हालाही त्याने ते फार उशिरा सांगितले.

मला कामाचे वावडे नाही. पार्सलच्या त्या पट्ट्यावरच्या तुर्की मुकादमाकडून तो जे जर्मन शिकला, ते वर्गात आम्हाला कोणालाच आले नाही. त्याच जर्मनच्या बळावर त्याला पुढे विद्यापीठात हीवीचे, म्हणजे विद्यार्थी मदतनिसाचे, काम मिळाले, रात्रपाळी सुटली आणि तो विषयही सुटला. त्याचा मला आजही अभिमान वाटतो. राग येतो तो त्याला तसे जगायला लावणाऱ्या अर्धवट हिशेबाचा.

तेव्हा कर्ज काढायचेच असेल तर दोन्ही वर्षांचे मंजूर करून घ्या, निघण्यापूर्वी मुलीला बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन शिकू द्या आणि पहिल्या सेमिस्टरला तिच्याकडून एका युरोचीही अपेक्षा ठेवू नका. एवढे जमत नसेल तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकला.