त्र्याहत्तरी गाठणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

अमेरिकेत हयात घालवून निवृत्त झालेल्या मराठी बंधुभगिनींनो, ज्या वर्षी आपल्याला ७३ पूर्ण होतात त्या वर्षापासून आपल्याच आयआरए (स्वतः उघडलेले निवृत्ती-बचत खाते) आणि ४०१(के) (नोकरीतून मिळालेले तसेच खाते) या खात्यांतील आपलेच पैसे दरसाल ठरावीक प्रमाणात काढावे लागतात आणि ते राहून गेले तर सरकार दंड करते. चाळीस वर्षे ‘पैशाला हात लावू नका’ असे बजावणाऱ्यांचे हे उशिरा उतू आलेले प्रेम आहे, असे समजावे.

आपण नेमके कधी म्हातारे झालो, हे प्रथम काँग्रेसला (इथल्या, आपल्या नव्हे) विचारून घ्यावे. पूर्वी हे वय साडेसत्तर होते, २०१९ च्या कायद्याने ते ७२ झाले, २०२२ च्या कायद्याने ७३ झाले आणि १९६० पासून पुढे जन्मलेल्यांसाठी ते ७५ आहे. १९५९ साली जन्मलेल्यांना तर मसुद्यातील चुकीमुळे ७३ आणि ७५ ही दोन्ही वये एकदम लागू झाली होती.

पत्नी एकमेव वारस असून दहा वर्षांहून अधिक लहान असेल तर काढायची रक्कम कमी होते. हा सल्ला लग्नाआधी मिळायला हवा होता.

रॉथ आयआरएच्या (म्हणजे कर आधीच भरून पैसे ठेवलेल्या आयआरएच्या) मालकाला हयातभर ही सक्ती नाही, तेव्हा अशा शेजाऱ्याशी काही दिवस बोलू नये.

भागाकार मात्र आनंदाने करावा. मागील ३१ डिसेंबरची शिल्लक भागिले २६.५ (सरकारी कोष्टकातला ७३ व्या वर्षासाठीचा आकडा), इतके ते सोपे आहे. माझ्या जुन्या ४०१(के) मध्ये १,३२,५०० डॉलर होते, म्हणजे ५,००० काढायचे. खाते सांभाळणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावून पन्नास मिनिटे पियानो ऐकल्यावर एका मंजुळ आवाजाने सांगितले की, एकूण रक्कम जुळली की झाले, पैसे कोणत्याही खात्यातून काढा. त्याप्रमाणे मी डिसेंबरात सगळी रक्कम आयआरएमधून काढली. पहिल्या वर्षापुरती मिळणारी १ एप्रिलची मुदतही उलटून गेल्यावर आमच्या मराठी करसल्लागाराने विचारले, “काका, ४०१(के) मधून काहीच काढले नाहीत?” अनेक आयआरए असतील तर त्यांची बेरीज करून एकातून काढलेले चालते, ४०१(के) चे पैसे त्या त्या खात्यातूनच निघावे लागतात. म्हणजे आयआरएमधून उगाच काढलेल्या ५,००० वर कर भरायचा, आणि जे काढायचे राहिले त्या ५,००० वर २५ टक्के, म्हणजे १,२५० डॉलर दंड! पूर्वी तो ५० टक्के होता, तेव्हा उपकारच मानायचे. चूक वेळेत सुधारली तर १० टक्के, आणि ५३२९ क्रमांकाच्या फॉर्मसोबत सबब लिहून दिली व ती पटली तर माफी. शाळेत उशीर झाल्याची चिठ्ठी लिहिल्यानंतर मी असले काही लिहिले नव्हते.

आता थट्टा पुरे. सरकार आणि खाती सांभाळणाऱ्या कंपन्यांनो, शिल्लक तुमच्याकडे, जन्मतारीख तुमच्याकडे, कोष्टक तुमच्याकडे. मग एवढा भागाकार करून पैसे आपोआप पाठवायला तुम्हाला काय धाड भरली होती? कर घ्यायचा तर खुशाल घ्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला सकाळच्या गोळ्या लक्षात राहाव्यात म्हणून सात कप्प्यांची डबी लागते, त्याच्यावर ही जबाबदारी ढकलून वर त्यालाच दंड करता, याची लाज वाटली पाहिजे. आणि मला चुकीचे सांगणाऱ्या कंपनीने तो दंड भरावा. कंपनीवाल्यांनो, संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याचे तुम्हीच मला तीनदा ऐकवले होते. काढा ती फीत आणि ऐका.