गोळी कधी झाडणार आहेत हे लोक?

आमच्या घरात टीव्ही एक आणि बघणारे चार, त्यात शनिवारी रात्री रिमोट माझ्याकडे येतो तोसुद्धा बाकीचे आपापल्या मोबाईलमध्ये घुसलेले असतात म्हणून. मी जुना वेस्टर्न लावला की बाबा मात्र लगेच मोबाईल बाजूला ठेवतात, कारण काऊबॉयचे पिक्चर म्हणजे त्यांचा प्रांत, कॉलेज बुडवून मॉर्निंग शो बघितलेत त्यांनी. त्यांचे नियम ठरलेत. हिरो घोड्यावरून येणार, कमी बोलणार, शेवटी भर रस्त्यात उभा राहून व्हिलनला उडवणार आणि मावळतीकडे निघून जाणार. आणि मला नेमके हे नियम धाब्यावर बसवणारे वेस्टर्न आवडतात, मग व्हायचं ते होतं.

आता १९७१ चा 'मॅककेब अँड मिसेस मिलर' घ्या. हिरो वॉरन बेटी, धंदा वेश्यागृहाचा, अक्कल बेताची, स्वतःशीच पुटपुटत फिरतो. रॉबर्ट ऑल्टमनच्या पिक्चरमध्ये चार माणसं एकदम बोलतात आणि एकाचंही धड ऐकू येत नाही, त्यामुळे बाबा म्हणतात आवाज वाढव, आवाज वाढवला की नेमका लेनर्ड कोहेन त्याच्या उदास आवाजात गायला लागतो आणि आतून आई विचारते, "कोण गेलं रे?" त्यातलं गाव आपल्या डोळ्यांसमोर उभं राहतं, कारण सेट बांधणारे सुतारच त्या काळचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर ठोकाठोक करत होते. आणि शेवटची मारामारी तर काय सांगू, बर्फात हिरो लपतछपत एकटा तिघांशी लढतोय आणि अख्खं गाव चर्चची आग विझवायला धावलंय, ह्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही!

"गोळी झाडली तर बघायला कुणीच नाही?" बाबांना हे फार लागलं. अहो बाबा, तीच तर गंमत आहे ना!

मग मी सर्जिओ कॉर्बुचीचा 'द ग्रेट सायलेन्स' लावला, १९६८ चा. हिरो मुकाच. बाबा खूश, कमी बोलणारा हवा होता, हा तर अजिबातच बोलत नाही. शेवट सांगत नाही, पण एक गोड शेवट वेगळा शूट करून ठेवला होता एवढं सांगतो, त्यावरून काय ते समजा. त्यात गावातल्या काही सीनमध्ये बर्फ म्हणून दाढीचा फेस पसरलाय हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं तर बायको म्हणते, "तरीच सगळ्यांच्या दाढ्या वाढल्यात, फेस रस्त्यावर संपला." तिला आवडला तो 'जॉनी गिटार', १९५४ चा. पिक्चर त्या जॉनीच्या नावाचा, तो पाठीला गिटार लावून ऐटीत येतो आणि शेवटी समोरासमोर पिस्तुलं काढतात त्या दोन बायका, जोन क्रॉफर्ड आणि मर्सिडीज मॅककेम्ब्रिज. बाबा पाणी प्यायला उठले ते बराच वेळ आलेच नाहीत.

वेस्टर्नखेरीज मी संगीतावरच्या डॉक्युमेंटरी बघतो, त्यांचं दुखणं वेगळंय, तिथे मला घरच्यांचा नाही तर बनवणाऱ्यांचाच त्रास होतो. गाणं सुरू झालं, जरा अंगावर काटा यायला लागला की कट! आणि एक टकले काका, मागे भिंतीवर गिटारी टांगलेल्या, सांगणार की ह्या गाण्याने सगळं बदललं. काका, गाणं ऐकू द्या हो. म्हणून मला डी. ए. पेनबेकरचा 'डोन्ट लुक बॅक' आवडतो, गायक बॉब डिलनच्या १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यावरचा, त्यात निवेदक नाही, काका नाहीत, नुसता डिलन पत्रकारांची सालटी काढत फिरतोय. उलट गायक रॉड्रिगेझवरचा 'सर्चिंग फॉर शुगर मॅन'. रडलो मी तो बघून, नाही म्हणत नाही, डेट्रॉइटचा मजूर माणूस आणि तिकडे साऊथ आफ्रिकेत स्टार, आणि नंतर कळलं की रॉड्रिगेझने ऑस्ट्रेलियात १९७९ आणि १९८१ ला दौरे केले होते आणि पिक्चरने ते सोयीस्करपणे गाळलंय. माझे अश्रू परत द्या म्हणावं.

बायकोचं म्हणणं असं की तुझ्या दोन्ही प्रकारांत माणसं नुसती बसलेली असतात. बरोबर आहे तिचं. मला ती बसलेलीच बघायला आवडतात, काहीतरी होण्याआधीची. पीटर जॅक्सनचा बीटल्स बँडवरचा 'गेट बॅक' त्यातला राजा, जवळपास ८ तास, जानेवारी १९६९, लेनन अजून आलेला नाही, पॉल बेसवर नुसता खाडखाड करतोय आणि त्यातून आपल्यासमोर गाणं तयार होतंय, आणि शेजारी जॉर्ज चक्क जांभई देतोय!

बाबांनी विचारलं, "ह्यातला वाईट कोण?" आता काय सांगायचं, बँड कुणामुळे फुटला ह्यावर लोक पन्नास वर्षं भांडतायत. मी म्हटलं पुष्कळ जण लेननच्या प्रेयसीला, योकोला धरतात. तर आई, जी कधी नव्हे ती सोफ्यावर मांडी ठोकून बसली होती, म्हणाली, "ती बिचारी पेपर वाचत बसलीये, तिचं काय? त्या जॉर्जचं कुणी ऐकून घेतंय का बघा आधी." आणि पहिल्या भागाच्या शेवटी जॉर्ज बँड सोडून खरंच निघून गेला. आईने टाळी वाजवली, "बरं केलं!" बाबा घोरत होते, मी टीव्ही बंद करायला उठलो तर मला म्हणते बस, पुढचा लाव, त्याला परत आणायला कोण कोण जातंय ते बघू दे मला.