थकीत निबंध

बँकेच्या कर्ज विभागात तेहतीस वर्षे काढून निवृत्त झाल्यावर मी इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा सनावळ्याच काय त्या जड जातील अशी माझी समजूत होती. पहिल्याच सत्रात मॅडमनी ‘१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांचे विश्लेषण करा’ हा विषय दिला, शब्दमर्यादा १५०० सांगितली, आणि मी मनातल्या मनात हसलो. कारण सावकार, त्याचे कर्जदार कूळ, कर्जाचे खत आणि थकबाकी हा तर माझा घरचा प्रांत होता.

दोन रात्रींत निबंध तयार झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी जमलेल्या कुळांनी सावकारांच्या वह्या आणि खते कशी पेटवली, हे लिहिताना मी इतका रंगलो की मलाच ठसका लागला. मॅडमनी समासात तांबड्या शाईने एवढेच लिहिले : ‘हे वर्णन झाले. विश्लेषण?’ कर्जाच्या अर्जांवर असले प्रश्नचिन्ह मी आयुष्यभर काढत आलो होतो. ते घेऊन माणूस घरी कसा जातो, हे मात्र त्या दिवशी बसमध्ये कळले.

दुसऱ्या खर्ड्यात मी कारणांच्या मागे लागलो. कर्ज फिटेना, कारण कापसाचा भाव पडला; भाव पडला, कारण १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आणि तिकडचा कापूस पुन्हा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे निघाला. आता ते युद्ध मुळात का झाले, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. परिणामी ९०० शब्द झाले तेव्हा मी अब्राहम लिंकन यांच्यापाशी होतो आणि सुप्याची वेससुद्धा दृष्टिपथात नव्हती. ‘कोथिंबीर महाग का आणली असं विचारलं, तर तुम्ही मोसमी वाऱ्यांपासून सुरुवात कराल,’ असे सौ. म्हणाली. तिला इतिहासाची पदवी नाही, हे विद्यापीठाचे नुकसान आहे.

मग मुदतीचा कायदा हाती लागला. कुळांना व्याजाच्या डोंगरापासून वाचवावे म्हणून १८५९ च्या कायद्याने खतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. सावकारांनी त्यावर तोड अशी काढली की दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात चढवायचे आणि कुळाकडून नवे खत लिहून घ्यायचे. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये, ही दामदुपटीची जुनी मर्यादा त्यात आपोआप निकालात निघाली. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. याला तर आम्ही ‘नवंजुनं’ म्हणत असू, आणि दर मार्चमध्ये ते मोठ्या समाधानाने करत असू! माझ्या निबंधाचेही मॅडमनी एव्हाना दोनदा नवेजुने करून दिले होते, आणि दर खेपेस ‘सरकारी साऱ्याचे काय?’ असा एखादा प्रश्न मुद्दलात चढवला होता.

तिसरा खर्डा मी वर्गात वाचून दाखवला. मांडणी नेटकी होती, परंतु हाताला असलेले वळण जाता जात नाही. शेवटचे वाक्य ‘सबब, कुळांची परतफेडीची क्षमता पाहता प्रस्ताव नामंजूर करावा’ असे उतरले होते. ‘काका, जामीनदार राहिले,’ असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. हशा ओसरल्यावर मॅडमनी शांतपणे विचारले, ‘सर, एवढा राग होता, तर लोकांनी सावकारांना सोडून त्यांच्या वह्याच का शोधल्या?’

‘कागद नाही, तर दावा नाही,’ मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो.

‘मग हेच का नाही लिहिलंत?’

‘ते पाच शब्द होतात. मर्यादा १५०० ची होती.’

चौथा खर्डा त्या पाच शब्दांपासून सुरू झाला आणि एकदाचा स्वीकारला गेला. परत आलेल्या प्रतीवर ‘ब’ श्रेणी होती आणि खाली, त्याच तांबड्या शाईत, पुढचा विषय : ‘१८७९ च्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्याला कितपत दिलासा मिळाला, याचे विश्लेषण करा. शब्दमर्यादा २०००.’ मॅडमनी नोंदवही पुढे सरकवली, आणि मी मुकाट्याने तारखेपुढे सही केली.